आलेख सपाट, तरी आवाज कर्कश?

दोन स्पीकरचे समोरून मोजलेले आलेख (कोणता सूर किती जोरात वाजतो ते दाखवणारे) सारखेच सपाट, तरी एक कानाला टोचतो, म्हणजे मोजमापं फोल, असं कुणी म्हणतं. त्यातला अनुभव खरा असणार. पण त्यावरून ‘मोजमापं फोल’ हा निष्कर्ष मात्र पटत नाही. अपुरी मोजमापं पाहिली, एवढंच.

अडीच किलोहर्ट्झला (सेकंदाला अडीच हजार कंपनं) ध्वनीची तरंगलांबी साधारण १४ सेंमी असते, म्हणजे जवळपास साडेसहा इंची वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) शंकूएवढी. तिथे वूफरचा झोत अरुंद होतो आणि त्याहून वरच्या सुरांना लगेच एक इंची ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) चहूकडे फाकून वाजू लागतो. समोर सपाट, बाजूला खड्डा आणि मग उंचवटा! खोलीत भिंतींवरून परतणारा हाच आवाज कानावर येतो, तोही कान सर्वात तिखट असतो त्या पट्ट्यात. म्हणून स्पीकरच्या बाजूला ३०, ६० अंशांवर मोजलेले आलेख आधी बघा.

ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडात स्पीकर पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा समोर सपाट आणि बाजूलाही सुरळीत वाजणारेच लोकांना आवडले. दुसरे ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांच्या १९९४च्या चाचणीत पडदा काढल्यावर त्याच स्पीकरना ऐकणाऱ्यांनी दिलेले गुण बदलले. डोळेही ऐकतात म्हणायचे! (किंमत तर कानात आधीच वाजत असते.)

बासचं, म्हणजे अगदी खालच्या सुरांचं, गणित वेगळं. ११ फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५० हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. बास गिटारचा खालचा ‘जी’ हा स्वर तिथेच पडतो, म्हणून तेवढाच फुगतो. त्याचं खापर स्पीकरवर फोडू नका, आधी खुर्ची फूटभर सरकवून बघा.