प्रतिपिंडांचे ‘वर्ग’ म्हणायचे की ‘प्रकार’?

कोथरूडकर : पाऊस लागला की आमच्या सोसायटीत डेंग्यूचे रिपोर्ट हातोहात फिरतात. वहिनींच्या रिपोर्टवर ‘आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह’ आहे. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, हे शाळेतलं आठवतं. मग हे प्रतिपिंडांचे प्रकार का? की वर्ग? आणि अनेकवचन काय करायचं?

पेठेतला : नपुंसकलिंगी. ते प्रतिपिंड, ती प्रतिपिंडं.

लॅबवाली : ‘वर्ग’च म्हणा. आयजी म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, पुढचं अक्षर वर्गाचं. माणसात पाच वर्ग : जी, ए, एम, ई, डी. डेंग्यूचं प्रतिपिंड, गोवराचं प्रतिपिंड ही विभागणी वेगळी. ती प्रतिपिंड कशाला चिकटतं त्यावरून. वर्ग ठरतो रेणूतल्या जड साखळीवरून, म्हणजे त्यातल्या प्रथिनाच्या दोन तऱ्हेच्या साखळ्यांपैकी मोठीवरून. त्यामुळे डेंग्यूच्याच विषाणूला चिकटणारं प्रतिपिंड एम वर्गाचं असतं आणि जी वर्गाचंही. दोन्हींना ‘प्रकार’ म्हटलं की गोंधळ ठरलेलाच. शिवाय जी वर्गात आणखी चार उपवर्ग आहेत.

एम आकाराने मोठं. इंग्रजी वाय अक्षरासारखे पाच तुकडे जोडलेले, चिकटायला दहा जागा. पहिल्यांदा संसर्ग झाला की आधी हेच वाढतं. तरी ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते सापडेलच असं नाही, म्हणून तेव्हा एनएस१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचंच एक प्रथिन, तपासायला सांगतात. जी मागाहून येतं आणि वर्षानुवर्षं राहतं. ‘एम नवं, जी जुनं’ असं आम्ही काउंटरवर सांगतो खरं, पण डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर जी सुरुवातीलाच झपाट्याने चढतं, तिथे हे सूत्र फसतं. रिपोर्ट डॉक्टरांनाच दाखवा.

जाता जाता, सरकारी प्रयोगशाळांतला डेंग्यूच्या आयजीएम तपासणीचा संच आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतो.

खवय्या : चिकातही प्रतिपिंडं असतात ना? मग खरवस खाऊन प्रतिकारशक्ती वाढते का?

लॅबवाली : नाही हो. गाईच्या चिकात मुख्यतः जी, कारण वासराला ते गर्भात वारेतून मिळत नाही. माणसाच्या बाळाला मिळतं, म्हणून आईच्या चीकदुधात भर ए वर्गावर. ते बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर राखण करतं; लाळेत, अश्रूंतही असतं. खरवस घट्ट होतो तो चिकातली प्रथिनं उष्णतेने गोठून, त्यांत ही प्रतिपिंडंही आली. चवीसाठी खा.

कोथरूडकर : ई आणि डी राहिले.

लॅबवाली : ई अ‍ॅलर्जीचं आणि जंतांविरुद्धचं, रक्तात अगदी नगण्य. डी बहुतेक बी पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) पृष्ठभागावरच बसलेलं असतं, डेंग्यूच्या रिपोर्टात शोधू नका.