सल्ला हवा आहे : बाबांना अमेरिकेतल्या जुन्या मालगाड्या कुठे दाखवू?

खानदेशी_पाहुणा

मंडळी नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन ताईकडे चाललोय, एडिसनला (न्यू जर्सी). आईची यादी तयार आहे : नायगारा, व्हाइट हाउस, आउटलेट मॉल. बाबांच्या यादीत एकच ओळ, 'तिकडच्या मालगाड्या'.

बाबा भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. (हल्ली पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालंय. त्यावर त्यांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.) रिटायर झाल्यापासून यूट्यूबवर जुन्या अमेरिकन रेल्वे बघणं हाच उद्योग. पेन्सिल्व्हेनिया रेलरोड, एरी लॅकवाना, रॉक आयलंड, मिलवॉकी रोड ही नावं आमच्या घरी जेवताना निघतात. कोण कधी बुडालं, कोणाला कोणी गिळलं, सगळं पाठ.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो पानगळीच्या रंगांची टुरिस्ट गाडी सुचवतो. त्यांना गाडीत बसून डोंगर बघायचे नाहीत हो. त्यांना वॅगनी बघायच्यात, यार्ड बघायचंय, आणि मुख्य म्हणजे कॅबूस, म्हणजे तिकडच्या गार्डाचा डबा. वय पंचाहत्तर, गुडघे कुरकुरतात. ताईची कार मिळेल, मधले दोन-तीन दिवस काढता येतील. काय बघावं, काय टाळावं?

रुळावरचा_वाटसरू

कॅबूस म्हणालात ना, मग पहिला मुक्काम स्ट्रासबर्ग, पेन्सिल्व्हेनिया. एडिसनहून अडीच तास धरा. तिथे रेलरोड म्युझियम ऑफ पेन्सिल्व्हेनिया आहे, बुडालेल्या पेन्सिल्व्हेनिया रेलरोडचा सगळ्यात चांगला साठा तिथे सापडेल. रस्त्याच्या पलीकडे स्ट्रासबर्ग रेलरोड, १८३२ ची सनद, अजून चालू. त्यांची पर्यटक गाडी सोडून दिलीत तरी चालेल, पण एक गोष्ट आधी विचारून घ्या. ही कंपनी आजही गिऱ्हाइकांचा माल वाहते आणि कधीकधी चक्क वाफेच्या इंजिनाला वॅगन जोडून नेते. तो योग आला तर बाकी सगळं सोडा. त्यांचं ९० नंबरचं इंजिन बाल्डविन या अमेरिकन कारखान्याचं आहे, १९२४ चं. आपल्या डब्ल्यूपी वर्गाची पहिली १६ वाफेची इंजिनं १९४७ मध्ये याच बाल्डविनकडून आली होती, हे बाबांना माहीत असणारच.

आता कॅबूस. बाबांना सांगा, छपरावरचा तो खिडक्यांचा उंचवटा (कपोला) नीट बघा. तिथे बसून माणूस पुढच्या सगळ्या गाडीवर नजर ठेवायचा : कुठे धूर दिसतोय का, कुठला ॲक्सल तापलाय का. खाली कोळशाची शेगडी, कागदपत्रांसाठी छोटं टेबल, पाठ टेकायला बाक. बऱ्याच कंपन्यांत पूर्वी एकेका कंडक्टरला (म्हणजे तिकडच्या गार्डाला) स्वतःचा कॅबूस नेमून दिलेला असे. ड्यूटी लागली की तोच डबा गाडीला जोडायचा. मग लोक आत पडदे लावायचे, शेगडीवर रस्सा शिजवायचे. आपल्याकडे गार्ड लाइन बॉक्स (ड्यूटीच्या सामानाची पेटी) घेऊन मिळेल त्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या डब्यात, चढायचा, तीही चार चाकी, धक्के खात. बाबांना हेवा वाटेल.

हे सगळं १९८० च्या दशकात संपलं. कॅबूसच्या जागी शेवटच्या कपलिंगला एक लुकलुकणारी पेटी आली, ब्रेक पाइपचा दाब रेडिओवरून इंजिनात कळवणारी. आपल्याकडेही आता तेच सुरू झालंय.

रात्री तिथेच राहणार असाल तर जवळच रेड कॅबूस मोटेल आहे. खरे कॅबूस रुळांवर उभे करून आत खोल्या केल्यात. आतलं मूळचं फारसं उरलेलं नाही, पलंग-टीव्हीची साधी खोली आहे. पण गार्डाच्या आयुष्यात एक रात्र तरी न हलणाऱ्या ब्रेक व्हॅनमध्ये जायला हवी की नाही? पायऱ्या उंच आहेत, बुकिंग करताना गुडघ्यांचं सांगा.

अल्कोवाला

स्ट्रासबर्ग ठीकच, पण पेन्सिल्व्हेनियातलंच स्क्रँटन चुकवू नका. माझं मत विचाराल तर एकच दिवस असेल तरी स्क्रँटन.

कारण : आवाज. बाबांची उभी हयात डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या मागे गेली असणार. ते इंजिन अल्को या अमेरिकन कंपनीचं, २६०० अश्वशक्ती, पहिली खेप १९६२ मध्ये जहाजाने आली, मग वाराणसीत बनायला लागली. खुद्द अल्कोने १९६९ मध्ये स्केनेक्टडीच्या कारखान्यात इंजिनं बनवणं थांबवलं, आणि आपण पुढे कित्येक वर्षं त्याच घराण्याची इंजिनं काढत राहिलो. अमेरिकेत अल्को आता दुर्मीळ. पण स्क्रँटनमध्ये डेलावेअर-लॅकवाना नावाची एक छोटी मालवाहू कंपनी आहे, ती अजून अल्कोच वापरते. शोभेला नव्हे, रोजच्या कामाला. नॉच (इंजिनाचा वेग वाढवायचा टप्पा) उघडला की आधी काळा धूर, मग तो भरडल्यासारखा धडधडाट. पुणे किंवा कल्याण शेडजवळ वाढलेल्या माणसाला डोळे मिटूनही ओळखू येईल.

वेळापत्रक छापील नसतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवार-रविवारी नको.

शिवाय तिथेच स्टीमटाउन. जुन्या डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न रेल्वेच्या (थोडक्यात 'लॅकवाना') यार्डातच राष्ट्रीय स्मारक केलंय : राउंडहाउस (इंजिनांची गोल शेड), टर्नटेबल (इंजिन फिरवायची चकती), आणि बाहेर मालडबे. दारात बिग बॉय ४०१२ हे वाफेचं अजस्र इंजिन उभं आहे, १९४१ चं, तेही अल्कोचं. टेंडरसकट साडेपाचशे टनांच्या घरात. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही मात्र मागच्या गंजक्या डब्यांकडे वेळ द्या. ४० फुटी बॉक्सकारच्या (बंद मालडब्याच्या) छपरावर चालायची फळी दिसते का बघा. ब्रेकमन चालत्या गाडीत त्या फळीवरून जायचे. १९६६ पासून नव्या बॉक्सकारवर ती बंद झाली.

लॅकवानाच्या डब्यांवर 'फीबी स्नो'चं नाव असायचं. ही बाई खरी नव्हे, जाहिरातीतली. पांढराशुभ्र झगा घालून आगगाडीने फिरते आणि झगा मळत नाही, कारण या कंपनीची इंजिनं अँथ्रसाइट हा कडक कोळसा जाळतात, त्याला काजळी कमी. स्क्रँटन उभं राहिलं ते याच कोळशावर. मॅकडेड पार्कमध्ये जुन्या खाणीत ३०० फूट खाली नेतात, ऑक्टोबरात चालू असतं, पण गुडघ्यांचा विचार करून ठरवा.

वाकडं_बोट

सगळे गहिवरलेत म्हणून जरा थंड पाणी.

'बुडालेल्या रेल्वे' म्हणताना नेमकं गेलं काय ते बघा. बहुतेक ठिकाणी नाव गेलं, रूळ आहेत, आणि त्यावरून आज प्रचंड माल जातो. पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल हे जन्माचे वैरी १९६८ मध्ये एकत्र आले, पेन सेंट्रल झालं, आणि जून १९७० मध्ये दिवाळं. का? माल ट्रककडे गेला होता, ट्रकला सरकारी हायवे मिळाले होते, आणि रेल्वेला दर वाढवायला किंवा तोट्याची लाइन बंद करायला सरकारची परवानगी लागायची. शिवाय दोन्ही कंपन्यांच्या साहेबांचं आपसात पटेना. १९७६ मध्ये सरकारने मोडकी पोरं गोळा करून कॉनरेल काढली : पेन सेंट्रल, एरी लॅकवाना, रीडिंग, लेहाय व्हॅली, जर्सी सेंट्रल. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने दराचं जोखड सैल केलं, कॉनरेल नफ्यात आली, आणि १९९९ मध्ये तिचेही तुकडे नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स या दोन रेल्वे कंपन्यांनी वाटून घेतले.

खरोखर उखडली गेली ती मिलवॉकी रोडची पश्चिमेकडची लाइन. तिथे आता रुळांच्या जागी सायकली फिरतात.

मुद्दा असा की बाबांना म्युझियममध्येच फिरवू नका. जिवंत मालगाडी दाखवा.

रुळावरचा_वाटसरू

वाकडं बोट आज सरळ बोललं. त्यासाठी अल्टूना, पेन्सिल्व्हेनिया.

तिथला हॉर्सशू कर्व्ह (घोड्याच्या नालेसारखं रेल्वेचं वळण) १८५४ चा, पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने बांधलेला. आज नॉरफोक सदर्नच्या मालगाड्या तिथून जातात. तुम्ही मधल्या बागेत बसता आणि गाडी तुमच्या तिन्ही बाजूंनी फिरते. पुढची इंजिनं डोंगराच्या एका कुशीत, शेपूट दुसऱ्या कुशीत. वर जायला छोटी फ्युनिक्युलर (दोरखंडाने ओढली जाणारी गाडी) आहे, चालू आहे का ते आधी फोन करून विचारा, नाहीतर बऱ्याच पायऱ्या आहेत.

आणि बँकर! चढाला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, अगदी कसाऱ्यासारखी. चढ मात्र आपल्याहून सौम्य, सुमारे १:५५. थळ घाटाचा १:३७ आहे, हे बाबा तिथल्या अमेरिकन रेल्वेप्रेमींना सांगणारच. सांगू द्या, ती मंडळी मन लावून ऐकतात.

नशीब असेल तर जुन्या रंगातलं इंजिन दिसेल. नॉरफोक सदर्नने २०१२ मध्ये २० नवी इंजिनं बुडालेल्या कंपन्यांच्या रंगात रंगवली. लॅकवाना, रीडिंग, न्यूयॉर्क सेंट्रल, अगदी पेन सेंट्रलसुद्धा. २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक आणि नॉरफोक सदर्न यांनीच विलीनीकरण जाहीर केलंय, तेव्हा हे नावही पुढे राहील का कोण जाणे.

एक ताकीद. रुळांवर उतरू नका. आपल्याला सवय असते, बाबांना तर नोकरीचीच असेल. इथे रूळ म्हणजे खासगी मालमत्ता, रेल्वेचे स्वतःचे पोलिस असतात.

हडसनकाठची_माई

आईंचा न्यूयॉर्कचा दिवस असेलच, त्यात बाबांचं गुपचूप उरकून घ्या. मॅनहॅटनच्या हाय लाइनवर आईंना बाग आणि फोटो मिळतील. बाबांना कानात सांगा, ही १९३४ ची उंचावरची मालगाडीची लाइन आहे, गाड्या थेट कारखान्यांच्या वरच्या मजल्यात शिरायच्या. शेवटची गाडी १९८० ची. मधेमधे रोपांत रूळ ठेवलेत.

फेरी घेऊन लाँग आयलंड सिटीला गेलात तर गँट्री प्लाझा पार्कमध्ये दोन काळ्या अजस्र लोखंडी चौकटी दिसतील. त्यांच्यामधून मालडबे बार्जवर (सपाट तराफ्यावर) चढवायचे आणि तरंगत पलीकडे न्यायचे. आमचे हे तिथे तासभर बसले होते, मी तेवढ्यात भाजी आणली.

खानदेशी_पाहुणा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं. अल्कोचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला. मोटेलवर प्रतिक्रिया : 'पैसे देऊन ब्रेक व्हॅनमध्ये झोपायचं?' पण नाही म्हणाले नाहीत.

बेत असा : स्क्रँटन एका दिवसात जाऊन-येऊन, मग स्ट्रासबर्गला मुक्काम, तिथून अल्टूना. अल्टूनाला कारऐवजी ट्रेनने जमेल का? ताईला एवढं ड्रायव्हिंग झेपणार नाही.

रुळावरचा_वाटसरू

जमेल. ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची 'पेन्सिल्व्हेनियन' गाडी स्ट्रासबर्गजवळच्या लँकेस्टरला थांबते आणि अल्टूनालाही. दिवसाला एकच आहे, तेव्हा अल्टूनाला रात्र काढावीच लागेल. कर्व्ह अल्टूनाच्या पुढे आहे. एका स्टेशनचं जास्त तिकीट काढून जॉन्सटाउनला उतरलात तर गाडीतूनही वळण बघून होईल, पण परतीची वेळ आधी तपासा. आईंना विचारलंत का, त्या येताहेत की ताईकडे थांबताहेत?

खानदेशी_पाहुणा

आई म्हणते स्ट्रासबर्गजवळ आउटलेट मॉल असेल तर येते.

हडसनकाठची_माई

लँकेस्टरला आहेत की, मोठे आहेत. घेऊन या त्यांना.