डिस्ने ड्रीम आता फोर्ट लॉडरडेलहून सुटते, आई-बाबांना घेऊन तिथवर जावं की दुसरी बोट बघावी?

कृष्णाकाठची_लेक
(डिसेंबर २०२३) नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आम्ही ओरलँडोत राहतो, नवरा, मी आणि नऊ वर्षांची मुलगी. २०१८ मध्ये लेक चार वर्षांची असताना डिस्ने ड्रीम या क्रूझ बोटीवर गेलो होतो, तेव्हा ती पोर्ट कॅनाव्हेरलहून सुटायची, म्हणजे घरी पोहे खाऊन निघालो आणि तासाभरात गाडी धक्क्याशेजारच्या पार्किंगमध्ये. त्यानंतर आमचा एक नादच झाला, सुट्टी मिळाली की बंदराशेजारच्या जेट्टी पार्कला जायचं आणि चॅनलमधून बाहेर पडणाऱ्या ड्रीमला टाटा करायचा. बोटीच्या मागच्या बाजूला तो जादूगाराची टोपी घातलेला मिकी लटकलेला आहे ना, तो दिसेनासा होईपर्यंत लेक हलायची नाही.

आता मार्च २०२४ मध्ये आई-बाबा सांगलीहून येतायत. बाबा ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये ३४ वर्षं नोकरी केली, बरीचशी इंदिरा डॉकला. सगळा जन्म दुसऱ्यांच्या बोटी लावण्यात आणि सोडण्यात गेला, पण स्वतः प्रवासी म्हणून शिडी कधी चढले नाहीत. मला त्यांना त्याच ड्रीमवर न्यायचंय, नातीला सगळे कानेकोपरे माहीत आहेत, ती आजोबांना फिरवेल. पण बुकिंग करायला बसले तर २०२३ च्या नोव्हेंबरपासून ड्रीम फोर्ट लॉडरडेलहून! म्हणजे आम्हाला गाडीने सव्वातीन-साडेतीन तास, ट्रॅफिक लागला तर जास्त. पोर्ट कॅनाव्हेरलहून आता डिस्नेचीच विश नावाची बोट जाते, ती नवीन आहे, चांगलीही असेल, पण आमच्या मनात ड्रीम आहे.

तर विचारायचं असं की ही बोट इथून हलवलीच का, परत येईल का, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन फोर्ट लॉडरडेलपर्यंत जाणं कितपत जमेल? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

वेस्टनचा_पाटील
ताई, आम्ही याच महिन्यात पहिल्या आठवड्यात जाऊन आलो, चार रात्री. आम्हाला तर हे पोर्ट घराजवळ आलंय त्यामुळे आमचा आनंद वेगळाच, पण तुमची अडचण कळतेय.

आधी चांगलं सांगतो. टर्मिनल ४ डिस्नेसाठी नव्याने करून घेतलंय, आत समुद्राखालच्या माशांची आणि प्रवाळाची चित्रं आहेत, पोरं रांगेत अजिबात कंटाळत नाहीत. आमच्या आईसाठी व्हीलचेअर मागितली तर दारापासून थेट बोटीत नेऊन सोडलं. एअरपोर्ट तर पोर्टाला इतका चिकटून आहे की विमान उतरताना खाली बोटी मोजता येतात. आणि एक मजा सांगतो, चॅनलच्या तोंडाशी उंच इमारती आहेत, तिथले लोक बाल्कनीत येऊन हात हलवतात, घंटा वाजवतात आणि बोट भोंग्याने उत्तर देते. जेट्टी पार्कला तुम्ही खाली उभं राहून टाटा करायचात, इथे बोटीवर उभं राहून दुसऱ्यांचा टाटा घ्यायचा. आमच्या आईने पदर हलवला होता.

आता कळकळीने एक सांगतो, निघायच्या दिवशी सकाळी ओरलँडोहून गाडीने येऊ नका. आमच्याबरोबरचं एक कुटुंब असंच आलं, टर्नपाईक हायवेवर पुढे अपघात झालेला, दीड तास जागेवर उभे, मागच्या सीटवर आजी आणि डायपरमधलं बाळ. चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचले, आजींचे हात थरथरत होते आणि त्यांनी पहिली संध्याकाळ केबिनमध्ये झोपून काढली. बोट कोणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी या आणि हॉटेलात राहा. नाहीतर ब्राइटलाइन बघा, २०२३ च्या सप्टेंबरपासून ओरलँडो एअरपोर्टवरून ट्रेन सुरू झालीये, साधारण तीन तासात फोर्ट लॉडरडेल, ट्रेनमध्ये बाबांना पाय मोकळे करता येतात, बाथरूम आहे, आणि स्टेशनवरून पोर्ट टॅक्सीने अगदी थोड्या वेळात. हो, पोर्टाच्या गेटवरच फोटो आयडी बघतात, सगळ्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

टँपाची_मावशी
मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नकोस. तू विशच घे. आजी-आजोबांना बोटीचं नाव ड्रीम आहे का विश याने काही फरक पडत नाही ग, त्यांना नात आणि लेक बरोबर आहे एवढंच हवं असतं. विश तीन आणि चार रात्रींची जाते, बहामाजमधलं नासाऊ आणि डिस्नेचं कॅस्टअवे के बेट, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याला पुरेसं. ७४ वर्षांच्या माणसाला आधी सांगली ते मुंबई, मग वीस-बावीस तासांचं विमान, मग जेटलॅग, आणि त्यावर आणखी ट्रेन, हॉटेल, टॅक्सी, बॅगा चढव उतरव. आमच्या सासऱ्यांना मी असंच हौसेने लांब नेलं होतं, तिसऱ्या दिवशी ते म्हणाले मला घरी सोड. अजून मनाला लागतं ते.

आणि कुठल्याही बोटीने जा, त्यांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते आत्ताच बघ, कारण बहामाजला जाऊन परत येणं म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश. नेटवर लोक सांगतात बर्थ सर्टिफिकेट चालतं वगैरे, ते अमेरिकन नागरिकांसाठी, भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिकडे लक्षच देऊ नये.

रत्नांग्रीचा_बोटवाला
मी अकरा वर्षं क्रूझ बोटींवर काम केलं, कंपनी दुसरी, पण धंदा तोच. आमच्या वाडीत घरटी एक माणूस बोटीवर आहे, गोव्याकडे तर तारवटी (बोटीवर काम करणारा) म्हटलं की मानाने बघतात. त्यामुळे हलवली का याचं उत्तर देतो.

सगळ्यात आधी धक्क्याचा हिशोब. पोर्ट कॅनाव्हेरलला डिस्नेची टर्मिनल दोन, ८ आणि १०. ड्रीम २०११ मध्ये आली, फँटसी २०१२ मध्ये, दहा वर्षं दोघी तिथे नांदल्या. २०२२ च्या जुलैत विश आली, आणि २०२४ मध्ये ट्रेझरही तिथेच ठरलीये. चार हजार माणसांच्या बोटी, आणि छोट्या ट्रिपांच्या बोटीला आठवड्यातून दोनदा धक्का लागतो. मग थोरलीने जागा द्यायची. ड्रीम २०२२ मध्येच मायामीला गेली, २०२३ च्या उन्हाळ्यात युरोपात होती, आणि तिथून आता पोर्ट एव्हरग्लेड्सला, म्हणजे फोर्ट लॉडरडेलच्या बंदरात. म्हणजे तुमच्या घराजवळून ती २०२२ मध्येच हलली, हे अचानक नाही झालं. नवीन बोटी एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालतात, आणि पोर्ट कॅनाव्हेरलला क्रूझ बोटींना एलएनजी भरायची सोय २०२१ पासून आहे, त्यामुळे नवीन तिथे ठेवून जुनी हलवायची हे हिशोबात बसतं.

दुसरं गिऱ्हाईक. ओरलँडोचं गिऱ्हाईक डिस्ने वर्ल्ड बघून बोटीवर जातं. दक्षिण फ्लोरिडाचं वेगळं, तिथली माणसं शुक्रवारी ठरवून सोमवारी निघतील अशी, शिवाय लॅटिन अमेरिकेची विमानं तिकडे उतरतात. आणि बहामाज तिथून जवळ, म्हणजे इंधन कमी आणि बेटावर वेळ जास्त.

परत येईल का? ते बंदर ज्यांच्या ताब्यात आहे त्या ब्रोवर्ड काउंटीबरोबर पंधरा वर्षांचा करार झालाय आणि टर्मिनलवर खर्च झालाय, त्यामुळे डिस्नेची कुठली ना कुठली बोट तिथे राहणार हे नक्की. ड्रीमच कायम राहील असं मात्र समजू नका, बोटी फिरवतातच. त्यांची वंडर बघा, २०२३ च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून अलास्का केलं आणि वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात. बोटीच्या मागे नावाखाली नासाऊ लिहिलंय बघा, ते तिचं नोंदणीचं बंदर. होम पोर्ट म्हणजे फक्त प्रवासी जिथे चढतात उतरतात ते. आणि परदेशी नोंदणीची असल्यामुळे १८८६ च्या अमेरिकन कायद्याने तिला ट्रिपमध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून प्रत्येक ट्रिपमध्ये नासाऊ नाहीतर दुसरं काहीतरी असतंच.

होम पोर्ट बदललं की आत काय होतं ते प्रवाशाला दिसत नाही. सकाळी सहाला बोट लागते, साडेनऊपर्यंत चार हजार उतरतात, अकराच्या सुमाराला नवीन चढायला लागतात, मधल्या वेळात सगळ्या केबिनच्या चादरी, हजारो बॅगा, आणि धक्क्यावरून फोर्कलिफ्टने दूध, अंडी, भाजी, पाण्याचे पॅलेट. नवीन धक्क्यावर पहिले महिनाभर ताल जमत नाही, कुठला दरवाजा कुठल्या उंचीला येतो, भरती-ओहोटीला शिडी किती कलते, बॅगांचा पट्टा कुठे वळतो, हे अंगवळणी पडावं लागतं. त्यामुळे मार्चमध्ये जाताय ते उत्तम, तोवर बसलेलं असेल. आम्हा क्रूच्या दृष्टीने होम पोर्ट म्हणजे दोन-तीन तास जमिनीवर, घरी पैसे पाठवायचे, आईशी नीट बोलायचं. पोर्ट एव्हरग्लेड्सला खलाशांसाठी सीफेअरर्स हाऊस आहे, तिथल्या खुर्चीत बसून मी माझ्या मुलीचं बारसं फोनवर बघितलंय. बंदर चांगलं आहे हो ते.

गिरगावकर_७६
वर सगळं अमेरिकेचं चाललंय म्हणून आपल्याकडचं सांगतो. २०२१ ला मुंबईहून कॉर्डेलियाची एम्प्रेस सुरू झाली, आम्ही बॅलार्ड पियरहून गेलो होतो. २०२२ च्या जूनमध्ये तीच बोट चेन्नईला हलवली. कारण सरळ आहे, जूनला अरबी समुद्र खवळतो, बंगालच्या उपसागरात चेन्नईकडे त्या दिवसांत बरं असतं. माझ्या मेहुण्याने जूनमध्ये जायचं म्हणून मुंबईतल्या मुंबईत ठरवलं होतं, शेवटी सहा जणांची चेन्नईची विमानाची तिकिटं काढावी लागली. तेव्हा आमच्याकडे नियमच झालाय, आधी बंदर बघायचं मग बोट, आणि विमानाचे पैसे धरूनच भाव काढायचा. ताई, तुम्हीही ट्रेन, हॉटेल, टॅक्सी सगळं धरून विशशी तुलना करा. आणि जेवणाचं काय असतं हो तिथे? आईंचं उपासतापास असेल ना.

वेस्टनचा_पाटील
जेवणाचं राहिलंच. पहिल्याच रात्री वेटरला सांगायचं की आम्हाला इंडियन व्हेज हवं. तीन रेस्टॉरंट आलटून पालटून असतात पण वेटर तोच आपल्याबरोबर फिरतो, त्यामुळे एकदा सांगितलं की झालं. आम्हाला दुसऱ्या रात्रीपासून डाळ, भात, दोन भाज्या आणि पोळीसारखं काहीतरी न मागता आलं. आईची संकष्टी होती तर त्याने दुपारीच विचारून फळं आणि दही ठेवलं होतं.

आणि ट्रिप निवडताना एक बघा, ग्रँड केमन बेटाला बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीत उतरून जावं लागतं, होडी हलते, गुडघेवाल्यांना त्रास. कॅस्टअवे के आणि नासाऊला बोट थेट धक्क्याला लागते, शिडीवरून चालत खाली. कॅस्टअवेला तर आत ट्रामही आहे.

कृष्णाकाठची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही इतकं लिहिलंत. मावशी, राग कसला, तुमचं वाचून रात्रभर विचार केला, सासऱ्यांचं वाचून तर पोटात तुटलं. मग आज सकाळी बाबांनाच फोन लावला, म्हटलं निर्णय त्यांचा. विश जवळून सुटते, ड्रीम लांबून, तुम्हाला काय झेपेल ते सांगा. आई मागून म्हणाली जवळचंच घे. बाबा म्हणाले ट्रेन आहे ना मग लांब काय त्यात, सांगली-मुंबई यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तर असं ठरतंय, ते आल्यावर पूर्ण दोन आठवडे घरी आराम, मग आदल्या दिवशी ब्राइटलाइन, रात्री हॉटेल, आणि चार रात्रींची ड्रीम, फक्त कॅस्टअवे आणि नासाऊ असलेली. व्हिसा दोघांचाही मल्टिपल आहे, फोटो मागवून स्वतः बघितला. हॉटेल, टॅक्सी धरून विशपेक्षा थोडं जास्त पडतंय पण चालेल.

आता बाबांनी परत फोन करून विचारलंय की बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखाली किती खोल जाते ते) किती आणि तिथे पाणी किती, आणि बंदरातून बोट बाहेर काढून देणारा पायलट दिसतो का. बोटवाले दादा, हे तुम्हीच सांगू शकाल.

रत्नांग्रीचा_बोटवाला
वाचून फार बरं वाटलं. काकांना सांगा, ड्राफ्ट साधारण २७ फूट, आणि पोर्ट एव्हरग्लेड्सचं मुख्य चॅनल ४२ फूट, भरपूर पाणी आहे. लांबी ३४० मीटर, हेही सांगा, त्यांना लगेच अंदाज येईल.

पायलट नक्की दिसेल. बोट सुटताना सगळे वर गाण्याबजावण्याला जातील, तुम्ही काकांना घेऊन चौथ्या डेकवर या, तिथे बाहेरून चालायला लाकडी रस्ता आहे आणि बसायलाही आहे. चॅनल संपलं की थोड्या वेळात पायलटची छोटी बोट शेजारी येऊन बरोबरीने पळायला लागते, मग खालच्या दारातून तो दोरशिडीने तिच्यात उतरतो. कुठल्या बाजूने ते वाऱ्यावर ठरतं, ज्या बाजूला वारा कमी त्या बाजूने. ते काकांना विचारा, ते बरोबर सांगतील.