मॉड्युलर लॅपटॉप ‘हौशी लोकांचं खेळणं’? एका पोस्टला उत्तर

उत्तरा

परवा एक पोस्ट वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: भाग बदलता येणारे लॅपटॉप म्हणजे पैसे जास्त झालेल्यांचं खेळणं, तेवढ्याच वेगाचा साधा लॅपटॉप बराच स्वस्त मिळतो, आणि "मदरबोर्ड बदलत कोण बसतंय? चार वर्षांनी सगळेच नवा घेतात."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. सगळे नवा घेतात, कारण जुन्याची वाट लावून ठेवलेली असते. माझ्या आधीच्या लॅपटॉपचं फक्त स्पेसबारचं बटण गेलं होतं. बाकी मशीन ठणठणीत. पण कीबोर्ड वरच्या अख्ख्या भागाला रिव्हेट मारून बसवलेला, आणि त्याच भागाला बॅटरी चिकटवलेली. एका बटणासाठी कीबोर्ड, टचपॅड, बॅटरी, वरची बॉडी असं सगळं एकत्र बदलायचं, आणि खर्च मशीनच्या जवळजवळ निम्म्या किमतीचा. मी तेव्हा मुकाट्याने नवा घेतला. आज त्याचा राग येतो.

२०२२ मध्ये फ्रेमवर्क १३ घेतला, म्हणजे फ्रेमवर्क कंपनीचा भाग बदलता येणारा लॅपटॉप. गेल्या वर्षी भाचीच्या हातून पडून स्क्रीन तडकली. स्क्रीनची चौकट चुंबकाने बसलेली असते, ती नखाने निघते. आत चार स्क्रू आणि एक केबल. स्क्रूड्रायव्हर खोक्यातच आलेला होता. आम्ही दोघींनी मिळून अर्ध्या तासात नवी स्क्रीन बसवली, तीही भाचीच्या हातून. त्या मुलीला तेव्हापासून कुठलंही यंत्र बंद डबा वाटत नाही. ही किंमत त्या पोस्टवाल्याने कुठल्या रकान्यात मांडली आहे?

गणिती

भाचीचं कौतुक आहे, पण प्रश्न पैशांचा आहे आणि तो तुम्ही टाळलात.

जास्तीची किंमत पहिल्या दिवशी द्यावी लागते. फायदा झालाच तर पुढे कधीतरी. हा विमा झाला. ज्याची स्क्रीन कधी फुटलीच नाही त्याने हप्ता भरला आणि हाती काही आलं नाही. बोर्ड, म्हणजे प्रोसेसर बसलेला मदरबोर्ड, बदलायचं म्हणाल, तर ११व्या, १२व्या, १३व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या बोर्डांना डीडीआर४ प्रकारची रॅम लागायची आणि २०२३ चा एएमडी बोर्ड आला तो डीडीआर५ मागत. म्हणजे बोर्ड घ्या आणि रॅमही घ्या. त्या बेरजेत मधल्या वर्गातला अख्खा नवा लॅपटॉप येतो, नव्या स्क्रीनसकट, नव्या बॅटरीसकट, नव्या वॉरंटीसकट.

शिवाय ही कंपनी किती वर्षं टिकेल? पहिला लॅपटॉप २०२१ चा. गूगलसारख्या कंपनीने भाग बदलता येणाऱ्या फोनचा ‘आरा’ प्रकल्प २०१६ मध्ये गुंडाळला. तुमच्या कंपनीच्या ११व्या पिढीच्या बोर्डावरची घड्याळाची छोटी सेल पूर्ण उतरली की मशीन सुरू होईना, आणि कायमचा उपाय करायला सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून जोडकाम, करावं लागलं. दुरुस्तीच्या नावावर विकलेल्या वस्तूत!

माझा पातळ लॅपटॉप चार वर्षांचा आहे. एकदाही उघडलेला नाही. महिनाभरापासून टचपॅडचा क्लिक जरा जड झालाय, तेवढंच.

बोर्डदुरुस्त

चौदा वर्षं टेबलावर मशीन उघडतोय, म्हणून बोलतो. तुम्ही दोघंही प्रोसेसर बदलण्यावर भांडताय. माझ्याकडे "प्रोसेसर हळू झाला" म्हणून कुणी येत नाही. येतात ते चार गोष्टींनी: चार्जिंगचा सॉकेट ढिला, बिजागरी तुटली, बॅटरी फुगली, आत पाणी गेलं.

यातला सॉकेट घ्या. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत टाइप-सी थेट मदरबोर्डवर सोल्डर असतो. केबलला पाय अडकला की सॉकेट ट्रॅकसकट उखडतो आणि एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खा बोर्ड पणाला लागतो. फ्रेमवर्कमध्ये केबल घुसते ती बाजूच्या छोट्या कार्डात. झीज होते कार्डाची, बोर्डावरच्या सॉकेटला रोजचा धक्का लागतच नाही. लोक ती कार्डं ‘एचडीएमआय हवं तिथे लावा’ म्हणून मिरवतात. माझ्या लेखी त्यांचा खरा उपयोग हा आहे, आणि तो कुणी सांगत नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळं. रॅम. आठ जीबी बोर्डावर सोल्डर करून विकणाऱ्याला माहीत असतं की तीन वर्षांत गिऱ्हाईक परत येणार. हा उघड उघड डल्ला आहे.

निशाचर

इथे थांबवतो. मी मेमरीच्याच क्षेत्रात काम करतो आणि ‘सोल्डर रॅम म्हणजे डल्ला’ हे दर वेळी ऐकून कंटाळलोय.

लॅपटॉपातली साधी, काढता येणारी डीडीआर५ रॅमची पट्टी सहसा ५६०० च्या वेगाला (सेकंदाला ५६०० दशलक्ष वेळा माहितीची ने-आण) चालते. सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स ७५०० ते ८५३३ ला, आणि त्याहून कमी विजेत. सिग्नल जेवढा वेगवान तेवढी वाट आखूड हवी. स्लॉट आला की वाट लांबते, जोडणीपाशी सिग्नल परावर्तित होतो, वेग उतरवावा लागतो. ज्यांत ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे, त्यांना या वेगाचा थेट फायदा मिळतो.

आणि पुरावा तुमच्याच घरातला घ्या. फ्रेमवर्कने २०२५ मध्ये डेस्कटॉप काढला, त्यात १२८ जीबीपर्यंतची रॅम सोल्डर केलेली आहे. एएमडीच्या त्या चिपला बदलता येणारी मेमरी जोडता येते का, हे त्यांनी एएमडीला विचारलं. सिग्नल टिकत नाही, असं उत्तर आलं. दुरुस्तीच्या नावावर उभी राहिलेली कंपनीही तिथे नमली. तिथे डल्ला कुणी मारला?

बोर्डदुरुस्त

डेस्कटॉपची गोष्ट लॅपटॉपच्या चर्चेत कशाला? आणि ती चिप अगदी वरच्या वर्गातली. मी बोलतोय साध्या, ब्राउझर आणि हिशेबाच्या कामाच्या लॅपटॉपबद्दल. त्याला ८५३३ चा वेग घेऊन काय करायचंय? त्याला सोळा जीबी हवी आणि ती नंतर घालता यायला हवी. तुमचं भौतिकशास्त्र खरं असेल, पण ते स्वस्त मशीनला लावलंय ते पैसे वाचवायला.

बरं, रॅम सोडा. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारा भाग, सोल्डर करतात त्याला कोणतं भौतिकशास्त्र आहे?

निशाचर

एसएसडीचं समर्थन मी करणार नाही. एसएसडी काढता-घालता येणाऱ्या एम.२ स्लॉटने साठवणीचा वेग अडत नाही. तिथे तुमचं बरोबर, मान्य.

रॅमबद्दल मात्र हटत नाही. मधला मार्ग आहे, तो बघा: कॅम२ नावाची, काढता येणारी रॅमची नवी पट्टी. डेलने २०२२ मध्ये सुरुवात केली, डिसेंबर २०२३ मध्ये मेमरीची प्रमाणं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने त्याचं प्रमाण ठरवलं. पट्टी खाचेत घुसवायची नाही, बोर्डावर आडवी ठेवून स्क्रूने दाबून बसवायची, म्हणून वाट आखूड राहते. २०२४ च्या थिंकपॅड पी१ लॅपटॉपमध्ये ती एलपीडीडीआर५एक्ससकट ७५०० ला चालली. अडचण एवढीच की फार थोड्या कंपन्या वापरतात.

बोर्डदुरुस्त

का वापरत नाहीत? त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडे आहे, आणि ते मी वर दिलंय.

सरळवाट

रॅमवर एवढं चाललंय, पण एसएसडीवर दोन ओळीत मिटवलंत. माझं ऐका. माझ्या बहिणीचा लॅपटॉप प्रबंध देण्याच्या अडीच आठवडे आधी मेला. बोर्ड गेला. साठवण बोर्डावरच सोल्डर. सर्व्हिसवाले म्हणाले, बोर्ड बदलून देतो, आतलं काही मिळणार नाही. साध्या मशीनमध्ये तो तुकडा काढून दुसऱ्यात लावला असता आणि संध्याकाळी ती लिहीत बसली असती. तिने तीन महिन्यांचं लिखाण पुन्हा केलं. त्या दिवसांत ती जेवायला ताटावर बसायची आणि उठून जायची.

गणिती

वाईट झालं. पण बॅकअप घेतला असता तर हा प्रश्नच नव्हता. याचा आणि मॉड्युलर लॅपटॉपच्या किमतीचा संबंध काय?

उत्तरा

गणिती, थोडं भान ठेवा. कुणाच्या तीन महिन्यांच्या मेहनतीवर ‘बॅकअप घ्यायचा ना’ हे उत्तर नसतं. बॅकअप घ्यावा, सगळ्यांना कळतं. म्हणून बोर्ड मेल्यावर साठवणही मेली पाहिजे, हे कुणी ठरवलं? आणि संबंध सरळ आहे. तुम्ही किंमत मोजताय ती बिलावरची. हिने जी मोजली ती कुठल्याच बिलावर नव्हती.

शिवाय कचऱ्याचा हिशेब तर तुमच्या कागदावर नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि नोंद ठेवून पुनर्चक्रीकरण झालं ते चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

गणिती

माझा सूर चुकला. सरळवाट, बहिणीबद्दल तसं लिहायला नको होतं.

आकड्याबद्दल मात्र बोलणार. त्या ६ कोटी २० लाख टनांत फ्रिज आहेत, वॉशिंग मशीन आहेत, टीव्ही आहेत, सगळंच आहे. मूठभर लोकांच्या मॉड्युलर लॅपटॉपने तो ढीग हलत नाही.

जुनाजाणता

दोन्ही बाजूंना एक रस्ता दिसत नाहीये. दुरुस्तीसाठी जास्त किंमत मोजावीच लागते, हे कुणी सांगितलं? मी २०१८ चा थिंकपॅड टी४८० वापरलेला घेतला. दोन रॅम स्लॉट, एक बॅटरी बाहेरून खटक्याने निघते, दुसरी आत स्क्रूवर. सुटे भाग ढिगाने मिळतात, कारण कार्यालयांनी अशी मशीन घाऊक घेतली आणि घाऊक काढली. रॅम वाढवली, पंखा बदलला, कीबोर्ड बदलला. तुमच्या नव्या मॉड्युलर मशीनच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात.

पण या सगळ्यावर पाणी ओततं ते सॉफ्टवेअर, आणि त्यावर इथे कुणी अक्षर काढलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला साधारण इंटेलची ८वी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझा टी४८० काठावर वाचला. वडिलांचा त्याच्या आधीच्या पिढीचा, तसाच दणकट लॅपटॉप बाद. एक स्क्रू ढिला नाही, बॅटरी नवी, तरी बाद! मी त्यावर लिनक्स घातलं. पण वडिलांना सत्तराव्या वर्षी सगळं नव्याने शिकावं लागलं. स्क्रू उघडता आले म्हणजे मशीन जगतं, हा भ्रम आहे.

फ्रेमवर्कवाल्यांनाही हेच सांगायचंय. १२व्या पिढीचे बोर्ड घेतलेल्यांनी फर्मवेअरच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, सुरक्षा दुरुस्त्यांची किती वाट पाहिली ते आठवा. भाग दहा वर्षं मिळतील, फर्मवेअर कोण देणार?

उत्तरा

फर्मवेअरबद्दल तुमचं म्हणणं नाकारता येत नाही. मी स्वतः १२व्या पिढीवाली, ती वाट पाहिली आहे. २०२४ मध्ये कंपनीने मागे पडल्याचं मान्य करून वेगळी माणसं लावली, पण तोवर भरवसा हलला होता. पोस्ट लिहिताना हे मी टाळलं. टाळायला नको होतं.

वापरलेल्या मशीनबद्दल मात्र एक. टी४८० दुरुस्त होतो, कारण २०१८ मध्ये कुणीतरी तो तसा बनवला. आज सगळे चिकटवलेलेच विकले गेले, तर सात वर्षांनी तुमच्यासारख्याने वापरलेलं घ्यायचं ते काय? आजचं नवं दुरुस्त होणारं कुणीतरी विकत घेतलं पाहिजे.

गणिती, बोर्डाच्या हिशेबात तुम्ही जुना बोर्ड शून्य धरलात. मी मागच्या वर्षी एएमडी बोर्ड घेतला, रॅमसकट, आणि हो, बेरीज टोचली. पण जुना बोर्ड फेकला नाही. तो स्क्रीन-बॅटरीशिवाय एकटा चालतो. प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, आता घरच्या फायली आणि फोटो त्याच्यावर असतात. त्यासाठी वेगळी पेटी घेणार होते, ती वाचली.

गणिती

हा मुद्दा मी धरला नव्हता. तरी बोर्ड बदलणं बहुतेकांना परवडणारं नाही, यावर मी ठाम आहे. फ्रेमवर्क १६ या मोठ्या लॅपटॉपचा ग्राफिक्सचा भाग २०२५ मध्ये बदलता आला, जुन्याच बॉडीत बसला, हेही बघितलंय. दिलेला शब्द पाळला, मान्य. पण किंमत बघून मागे फिरलो.

बोर्डदुरुस्त

गणिती, बाकी सगळं बाजूला ठेवा. तुमचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. चार वर्षांचा पातळ लॅपटॉप, कधी उघडलेला नाही, टचपॅडचा क्लिक जड झालाय. खूप मशीनमध्ये टचपॅडच्या अगदी खाली बॅटरी असते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतो का बघा. झाकण मिटल्यावर पुढच्या कडेला फट दिसते का?

गणिती

आत्ता बघितलं. डुगडुगतो. फटही आहे, नख जाईल एवढी.

बोर्डदुरुस्त

बॅटरी फुगली आहे. आता चार्ज करू नका. क्लिक बसतो का म्हणून टचपॅड दाबूनही बघू नका. मॉडेल कोणतं?

गणिती

मॉडेल तुम्हाला निरोपात पाठवलं. खालचं झाकण निघतं, पण दुरुस्तीची माहिती वाचली तर बॅटरी गोंदाने बॉडीला चिकटवलेली आहे आणि कंपनी ती सुटी विकत नाही.

बोर्डदुरुस्त

माहितीतलं मॉडेल आहे. गोंद मऊ करणारं द्रव सोडून, धागा फिरवून सावकाश सुटते, पण हे फुगलेल्या बॅटरीवर घरी करायचं काम नाही. टोकदार काही घातलंत आणि पाकीट फाटलं तर आग लागते. हवा खेळेल अशा जागी, कपडे-कागदांपासून लांब ठेवा आणि उद्याच सवय असलेल्या माणसाकडे न्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू देऊ नका. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम लागू होतोय. तुमच्या मशीनला तो उशिराच आला.

गणिती

उद्या नेतो. किमतीबद्दल माझं मत तेच आहे, उत्तरा. पण पुढचा घेताना प्रोसेसरच्या आधी बॅटरी कशी बसवली आहे ते विचारीन.

सरळवाट

आणि साठवण कशी बसवली आहे तेही विचारा.