घरी बघितलेले माहितीपट: डिस्क, कॅसेट, पेनड्राइव्ह, जे असेल त्यावर लिहा

कृष्णाकाठ, सांगली

परवा माळा आवरताना डीव्हीडींचा खोका खाली काढला. पिक्चरच्या डिस्क सगळ्या देऊन टाकल्या, ते आता कुठेपण मिळतात, पण माहितीपटांच्या वीसेक होत्या त्या काही हातातून सुटेनात. बायको म्हणाली आधी प्लेअर तरी चालतोय का बघा, तो चालला, आणि मग सगळी दुपार त्यातच गेली.

पहिली लावली ती 'सेल्युलॉइड मॅन', २०१२ची, भाच्याने लंडनहून आणलेली. पी. के. नायर यांच्यावर आहे, ज्यांनी १९६४ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं केलं. कुठल्या सिनेमाच्या कितव्या रिळात कुठला सीन आहे हे तो माणूस तोंडपाठ सांगतो. आपल्याकडे मूकपटांच्या काळात १,७००च्या आसपास सिनेमे निघाले आणि त्यातले अगदी मोजके उरले, बाकीचे जळाले, कुजले, काहींची रिळं तर चांदी काढायला विकली गेली. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची रिळं नायरसाहेबांनी फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवली नसती तर आज आपण काय बघितलं असतं? हे बघताना मला माझ्या खोक्याकडे बघून एकदम भरून आलं.

तर तुम्ही सांगा. घरी बसून कुठला माहितीपट बघितला, काय आवडलं, काय खटकलं. नुसतं 'छान आहे' नको, नीट लिहा.

कराडची बाई

मी शाळेत शिकवते. 'प्लॅनेट अर्थ'चा डीव्हीडी सेट घेतला होता, बीबीसीचा २००६चा, ११ भागांचा. टीव्हीवर तुकडे बघितले होते पण टीव्हीवर शेवटची दहा मिनिटं कापायचे आणि खरी मजा त्या दहा मिनिटांत आहे, शूटिंग कसं केलं ते दाखवतात त्यात. गुहांच्या भागात बोर्निओची गोमांटाँग गुहा आहे, वटवाघळांच्या विष्ठेचा अक्षरशः डोंगर आणि त्यावर झुरळंच झुरळं, लाखोंनी. नववीच्या वर्गात लावला तर मुलं किंचाळली. नंतर कॅमेरावाले त्याच झुरळांत उभं राहून दिवसचे दिवस काम करताना दिसले आणि वर्ग चिडीचूप झाला. एका मुलाने विचारलं, बाई त्यांना पगार किती असंल? मला तो प्रश्न फार आवडला कारण तोपर्यंत मुलांना वाटत होतं की हे सगळं आपोआप दिसतं.

खटकलेली गोष्ट एकच, आवाज. लांबच्या लेन्सने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज इतका स्पष्ट कसा येईल? असले बरेचसे आवाज नंतर स्टुडिओत करून बसवतात, हे कळल्यापासून मी मुलांना आधीच सांगून टाकते. खोटं म्हणून नाही, पण माहीत असावं.

पोवई नाका

साताऱ्यात २००७च्या आसपास मोसर बेअर कंपनीच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ला मिळायला लागल्या तेव्हा आमची चंगळ झाली. त्याआधी भाड्याच्या सीडी, एका सिनेमाच्या दोन, ऐन मोक्याला डिस्क बदलायची आणि दुसरीवर चरे असले की चित्र चौकोन चौकोन होऊन अडकायचं. टूथपेस्ट चोळून बघितलं नाही असं घर नसेल. पण माहितीपट त्या दुकानांत मिळायचेच नाहीत, एक फळी देवस्थानांच्या दर्शनाची आणि एक लहान मुलांच्या प्राण्यांची, संपलं. ही खंत मला आजपण आहे.

सीतेची आसवं

कास पठारावर काढलेले चार-पाच माहितीपट माझ्याकडे आहेत, काही डीव्हीडीवर, काही पेनड्राइव्हवर. २०१२ला पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं तेव्हापासून असे बरेच निघाले. मनापासून सांगतो, सगळे वरून बघतात. ड्रोन वर जातो, गुलाबी-पिवळा गालिचा दिसतो, बासरी वाजते, झालं. अहो खाली वाका की! माझं नाव ज्या फुलावरून घेतलंय ती सीतेची आसवं किडे खाणारी वनस्पती आहे, जमिनीलगतच्या पाण्यात तिच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. मी स्वतः पोटावर झोपून भिंगातून बघितलंय, मोहरीच्या दाण्याहून लहान पिशवी. हे दाखवलं तर माणूस पठारावर पाय टाकताना दहादा विचार करेल. टोपली कारवी सात-आठ वर्षांतनं एकदा फुलते, मग मधली वर्षं ती काय करते हे कोण दाखवणार? एका माहितीपटात मात्र पावसाळा सुरू व्हायच्या आधीचा नुसता काळा उघडा कातळ दोन मिनिटं दाखवलाय, संगीत नाही, फक्त वारा. तो मी चारदा बघितला असेल.

वाळव्याचा

'जय भीम कॉम्रेड'ची डीव्हीडी मित्राच्या घरी बघितली. आनंद पटवर्धनांची, २०११ची, तीन तासांच्या वर. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, आणि तिथून सुरू झालेलं शूटिंग चौदा वर्षं चाललं. आम्ही अण्णाभाऊंच्या वाटेगावच्या शेजारचे, शाहिरी आमच्या कानावर लहानपणापासून, तरी त्यातली गाणी ऐकताना अंगावर काटा आला. थिएटरात असतो तर मुकाट ऐकलं असतं, घरी असल्यामुळं गाणं थांबवून पुन्हा लावता आलं, एक ओळ तर मित्राच्या आईने तीनदा लावायला लावली आणि मग ती स्वतः म्हणायला लागली. लांबी जास्त आहे असं काहीजण म्हणतात, मला नाही वाटली. एका बैठकीत नाही झालं तर दोन रात्री बघा पण पूर्ण बघा.

खटावची सून

आमच्यात डीव्हीडी वगैरे नव्हतं, पेनड्राइव्ह होता. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या, म्हणजे पाणी अडवायच्या कामाच्या गावागावांतल्या स्पर्धेच्या वेळी गावात ट्रेनिंगच्या फिल्म आल्या, शेजारच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ला पहिला नंबर काढला होता त्यामुळं आमच्या गावाला ईर्षा चढलेली. शाळेच्या भिंतीवर एकदा दाखवल्या पण बायकांना मागं बसून काय दिसंना, मग आम्ही सातआठ जणींनी आमच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून परत बघितल्या. सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच उंचीवरनं खणलेला लांब चर, कसा आखायचा ते. समतल रेषा म्हणजे काय हे मला पुस्तकातनं कधी समजलं नव्हतं, त्या फिल्ममधी डोंगर कापल्यासारखा दाखवलाय आणि पाणी चरात थांबून खाली मुरताना दिसतं, तिथं डोक्यात उजेड पडला. सासूबाईंनी रिमोट घेऊन तीच जागा परत परत लावली आणि म्हणाल्या, आपल्या माळाच्या वरच्या अंगाला चुकीचं आखलंय, पाणी एका कडंला पळतंय. सकाळी जाऊन बघितलं तर खरंच तसं होतं. माहितीपट कशाला म्हणत्यात मला म्हाईत नाही पण मी बघितलेल्यातली ती सगळ्यात कामाची फिल्म.

गावभाग

कृष्णाकाठ, तुमचा खोका माळ्यावर होता म्हणून वाचला. आमचा खालच्या कपाटात. २०१९च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ची, आमच्या तळमजल्यावर माणूस बुडेल इतकं. परत आलो तेव्हा कपाट उघडेना, लाकूड फुगलेलं. कव्हरांचा लगदा, प्रत्येक डिस्कवर चिखलाचा थर. व्हीएचएस कॅसेट सगळ्या गेल्या, त्यात वडिलांनी दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेले सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट होते, ते आता परत मिळायचे नाहीत.

पण डिस्क बऱ्याच वाचल्या, म्हणून कसं केलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. पुसायच्या नाहीत, आधी स्वच्छ पाण्यात बुडवून चिखल सुटू द्यायचा, मग मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ टिपायचं, गोल गोल फिरवायचं नाही. सीडी-व्हीसीडीला छापलेली बाजू जास्त जपायची, कारण तिथे माहितीचा थर लगेच शाईखाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जास्त तग धरते. घरी राइट केलेल्या डिस्क मात्र बहुतेक गेल्या. माझ्या ६३ पैकी ४१ चालल्या. प्रत्येक चालली की पोरगी भिंतीवर खडूने रेघ मारायची.

विश्रामबाग

मावशीने अमेरिकेतून आणलेली डिस्क प्लेअर घेतच नाही, 'रीजन' असं काहीतरी लिहून येतं. माझ्या आजोबांना बघायचीय. काय करू?

पोवई नाका

@विश्रामबाग, डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, त्याला रीजन म्हणतात, आणि प्लेअर आपल्या विभागाचीच डिस्क घेतो. ती रीजन १ची असणार, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. डिस्क बिघडलेली नाहीये, टाकून देऊ नका. बऱ्याच प्लेअरला रिमोटवरून रीजन मोकळा करायचा कोड असतो, मॉडेल नंबर टाकून शोधा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये मात्र सारखा बदलत बसू नका, तिथे पाचच वेळा बदलता येतो, नंतर कायमचा लॉक.

जवारी

मिरजेतून. आमचं घराणं सतार-तंबोऱ्याचं. गुलजारांनी पंडित भीमसेन जोशींवर केलेला माहितीपट आहे, फिल्म्स डिव्हिजनचा, १९९२चा. तो आमच्या घरी लागला की आजोबा पुढे सरकून बसायचे. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व, त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब आणि खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, म्हणजे आमच्यासाठी घरचाच विषय. पण आजोबा गवयाकडे बघायचेच नाहीत. मागचा तंबोरा दिसला की 'थांबव' म्हणायचे. स्क्रीनला बोट लावून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बघायची, तारेखालचं सूत कुठे आहे ते बघायचं, आणि डोळे मिटून सांगायचे जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झणकार, कशी लागलीय ते. पाऊण तास झाला तरी आम्ही पहिल्या मैफलीतच असायचो.

२०२४ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा बातम्यांसाठी खूप कॅमेरे येऊन गेले. सगळ्यांनी तयार वाद्य दाखवलं, फार तर रंधा मारणारा हात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळा येतो, तो वाळतो, त्यातला कुठला घ्यायचा हे काका नुसतं टिचकी मारून ठरवतात, हे कुणीच थांबून टिपलं नाही. आजोबा असताना कुणी टिपलं असतं तर त्यांची ती टिचकी आज आमच्याकडे असती. आता काका सत्तरीचे आहेत. या मे महिन्यात भोपळे येतील तेव्हा मी मोबाईल स्टँडवर लावून सगळं शूट करणार आहे, एडिटिंग येत नाही मला. इथे कुणाला येत असेल आणि मिरजेला यायची तयारी असेल तर कळवा, जेवायची सोय घरी आहे.