मदत हवी आहे: संभाजीनगरात पारंपरिक जपानी मार्शल आर्टचा क्लास कुठला घ्यावा? सोमवारी पैसे भरायचेत

वाळूजकर
नमस्कार मंडळी. तीन क्लास बघून ठेवलेत. एक महिन्याला ८०० घेतो, दुसरा १,२००. तिसरा म्हणतोय वर्षाचे १८,००० एकदम भरा, त्यात ड्रेस आणि तलवारपण देतो. सोमवारच्या आत भरले तरच सूट. मला अस्सल पारंपरिक पाहिजे, स्पर्धेचं नको. कुठला घेऊ? लवकर सांगा.

पैठणगेट
कुठला घेऊ म्हणायलात, पण क्लास कशाचे ते लिहिलंच नाही. कराटे, ज्युदो, आयकिदो, तलवार? कुणासाठी? वय किती? फीवरून काय सांगणार?

वाळूजकर
पहिला कराटे, दुसरा ज्युदो. तिसऱ्याच्या बोर्डावर 'सामुराई कोर्यू निन्जुत्सु' लिहिलंय. माझ्यासाठीच विचारायलोय, वय ३४. तिघंही अस्सल जपानी म्हणतात.

ताटामी
ज्युदो घ्या. बाकी काही नाही आलं तरी नीट पडता येईल, आणि ते आयुष्यभर कामाला येतं. पहिले दोन महिने पडायलाच शिकवतात का ते बघा. हनुवटी छातीला, पाठ गोल, पंजापासून कोपरापर्यंतचा हात अंगापासून ४५ अंशांच्या आत जमिनीवर आपटायचा. हात खांद्याच्या रेषेत गेला तर धक्का खांद्यात जातो. मागं टेकवला तर मनगट नाहीतर कोपर जातं. पहिल्याच आठवड्यात फेकाफेकी लावत असतील तर तिथून उठून या.

मॅटवर टाच दाबून बघा. ज्युदोला साधारण ४ सेंमी जाडीची, घट्ट दाबलेल्या फोमची मॅट लागते. एकमेकांत अडकवायचे २ सेंमीचे रंगीत तुकडे शहाबादी फरशीवर टाकून फेकायला लागले तर डोकं फुटेल. मॅटांना कडेनं चौकट नसेल तर त्या सरकतात, फट पडते आणि पायाचं बोट त्यात अडकतं.

पैठणगेट
लगेच ज्युदो घ्या कसं काय? त्यांनी स्पर्धा नको म्हणून स्पष्ट लिहिलंय आणि आपल्याकडचे बहुतेक ज्युदो क्लास शालेय स्पर्धांसाठीच चालतात. ३४ वर्षांच्या माणसाला जोडीला १६ वर्षांची पोरं मिळतील.

वाळूजकर, कराटेवाल्यांना आधी शैली विचारा: शोतोकान, गोजू, शितो की वादो. नुसतं 'कराटे' म्हणाले तर पुढं काही विचारू नका. बोर्डावर कराटेसोबत तायक्वांदो असेल तर ते कोरियाचं आहे, तेवढं लक्षात ठेवा. मग कात्याचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचा, अर्थ विचारा. शोतोकानच्या हेइआन शोदानमध्ये २१ हालचाली आहेत. चौथ्या हालचालीत पाय मागं ओढून मूठ वरून हातोडीसारखी मारतात. ती कशासाठी म्हणून विचारा. शिकवणाऱ्यानं जोडीदाराला मनगट धरायला लावून ते सोडवून दाखवलं पाहिजे. 'काता परीक्षेसाठी असतो' असं उत्तर आलं तर तिथं पारंपरिक काही मिळणार नाही.

जुनी_घराणी
'पारंपरिक' म्हणजे काय हे आधी ठरू द्या. जपानात १८६८ च्या मेइजी सत्तांतराआधीच्या विद्यांना कोर्यू म्हणतात. कातोरी शिंतो-र्यू पंधराव्या शतकापासूनची. ज्युदो कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये सुरू केला. कराटे मूळचं ओकिनावाचं, फुनाकोशी गिचिन ते १९२२ मध्ये तोक्योला घेऊन गेले. या विद्या कमी दर्जाच्या नाहीत, पण त्यांना कोर्यू म्हणता येत नाही.

तिसऱ्या क्लासच्या भिंतीवर 'कोर्यू ब्लॅक बेल्ट, ५ डान' असं काही आहे का? डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, देण्याची पद्धत कानो यांनी १८८३ पासून सुरू केली. जुन्या घराण्यांत मोकुरोकु, मेन्क्यो असे परवाने असतात आणि तिथं शिकवायला गुरूची परवानगी लागते. त्यांना सरळ विचारा: घराणं कोणतं, तुमचे गुरू कोण, ते जपानात कुणाकडं शिकले, शिकवायची परवानगी कुणी दिली. खरा माणूस हे अभिमानानं सांगतो.

गोदाकाठ
आपल्या मातीतलं सोडून जपानच कामून? मर्दानी खेळात पट्टा आहे, लाठी आहे, विटा आहे. नांदेडला हजूर साहिबला होला मोहल्ल्याच्या वेळी शिखांचा शस्त्रखेळ, गतका, बघा. सोटी-फरीचा, म्हणजे काठी-ढालीचा, सराव खांदा-मनगटाला काय ताकद देतो ते कळेल.

जुनी_घराणी
गोदाकाठ, गतक्याबद्दल आदरच आहे. पण त्यांनी जपानी विचारलंय, धागा तिकडं नको.

लातूरची_आई
मुलगा नववीत आहे. कराटे लावलं तर दहावीला क्रीडा गुण मिळतात का?

पैठणगेट
ताई, नुसत्या क्लासला गुण नाहीत. मान्यताप्राप्त स्पर्धेतला सहभाग किंवा क्रमांक लागतो. यादीत कोणता खेळ आहे ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून मगच क्लास लावा. बेल्टच्या प्रमाणपत्राचा इथं उपयोग नाही.

वाळूजकर
एक सांगायचं राहिलं. डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, दीड वर्ष झालं. आणि कंपनीत दर आठवड्याला शिफ्ट बदलते. यानं काही फरक पडतो का? मला खरं तर तलवारीचंच आकर्षण आहे.

ताटामी
दादा, हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं. माझं ज्युदोचं म्हणणं मागं घेतो. ज्युदोत समोरचा तुमच्या टेकलेल्या पायावर वजन टाकून वळवतो, आणि नवशिका जोडीदार बाजूनं गुडघ्यावरच पडतो. सर्जन लेखी हो म्हणेपर्यंत नको.

पैठणगेट
सगळं कराटेपण सारखं नाही. शोतोकानची झेंकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहणं, लांब आणि खोल, पुढच्या गुडघ्यावर मोठा भार. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतून आत पडला की लिगामेंटला पीळ बसतो. गोजूत उभं राहणं आखूड आणि उंच असतं, तुम्हाला ते सोसेल. आणि जमीन बघा. खरखरीत कार्पेटवर वळताना तळवा चिकटतो, अंग फिरतं, गुडघा मागं राहतो. गुळगुळीत फरशी तुमच्यासाठी उलट बरी.

जुनी_घराणी
तलवारच पाहिजे असेल तर इआइदोचं, म्हणजे म्यानातून तलवार उपसून वार करायच्या विद्येचं, गणित असं. जपानी केंदो महासंघाच्या संचात १२ काता. पहिले तीन सेइझात, म्हणजे वज्रासनासारखं बसून. चौथा एक गुडघा उभा ठेवून. पाचव्यापासून बाराव्यापर्यंतचे आठ उभ्यानं. सेइझा तुम्हाला बंद असेल तर उभ्याचे आठच शिकवाल का, हे विचारा. जोदो मिळालं तर सोन्याहून पिवळं: १२८ सेंमीची काठी, जवळपास सगळं उभ्यानं.

आता फीतली तलवार. मूठ उघडून दाखवा म्हणा. सरावाच्या इआइतोचं पातं जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, त्याला धार लावत नाहीत. पात्याचा मुठीतला भाग चांगला लांब-रुंद असतो आणि बांबूची खिळी, मेकुगी, तो अडवून धरते. शोभेच्या स्टेनलेस तलवारीत मुठीत बारीक गज जोडलेला असतो. जोरात फिरवली की जोड तुटतो आणि पातं समोरच्याच्या अंगावर जातं. धारदार असेल तर कायद्याचापण प्रश्न आहे: ९ इंचांपेक्षा लांब पातं शस्त्र नियमांत येतं.

बाभूळबन
आणि शहरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ ची बंदी लागली की लाठी-काठी घेऊन फिरतापण येत नाही. तलवार काय, सरावाची लाकडी तलवार, बोक्केनसुद्धा क्लासमध्येच ठेवा.

बोक्केन बाहेरून मागवायची गरज नाही. सागवान हलकं, टोला बसला की ढलपा निघतो. मुरलेली बाभूळ घ्या, लांबी १०२ सेंमीच्या आसपास. रेषा टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, गाठ नको. ओली बाभूळ वाळताना वाकते. व्हार्निश लावू नका, घामानं हात घसरतो. जवसाचं तेल चोळा.

वाळूजकर
सोमवारी पैसे भरले नाहीत. तिसऱ्या ठिकाणी गुरूंचं नाव विचारलं तर प्रवेश घेतल्यावर सांगू म्हणाले. तलवारीच्या मुठीला खिळीच नव्हती, सगळं चिकटवलेलं. पहिला कराटेवाला गोजूचा निघाला. सकाळची बॅच चुकली तर संध्याकाळी या म्हणाले, फी महिन्याचीच. सर्जनची भेट गुरुवारी आहे. त्यांना नेमकं काय विचारू?

पैठणगेट
'व्यायाम चालेल का' असं विचारू नका, चालेलच म्हणतील. तीन गोष्टी विचारा: टेकलेल्या पायावर वळणं, एका पायावर उभं राहून लाथ मारणं, उडी मारून उतरणं. यातलं काय चालेल आणि कधीपासून. डाव्या मांडीची ताकद उजवीच्या तुलनेत किती आलीय ते फिजिओकडून मोजून घ्या. उत्तर लिहून घेऊन सेन्सेईंना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, पहिल्याच दिवशी द्या.

गोजूतलं सांचिन-दाची हे उभं राहणं शिकवतील तेव्हा पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, बोटं जराशी आत. ते वळण खुब्यातून आलं पाहिजे. गुडघ्यातून ओढलंत तर डावीकडं लगेच टोचेल. टोचलं की थांबून सेन्सेईंना सांगा, पाय जरा सरळ करून देतील.