मदत हवी आहे: रुजू व्हायला १९ दिवस आणि घराचा पत्ता नाही

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून पहिला धागा काढतेय. समजून घ्या.

दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे. १९ दिवसांनी रुजू व्हायचंय. तिथे ओळखीचं कुणी नाही. मी स्वतः एकदाच गेले आहे, तेही मुलाखतीला: स्टेशन ते ऑफिस आणि ऑफिस ते स्टेशन. आधी एकटीच जाणार, चारपाच महिन्यांनी आई येईल. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला नाहीतर लिफ्ट हवीच.

पगाराचे आकडे इथे लिहायला संकोच वाटतो, म्हणून हातात येणारा पगार १०० धरते. त्यातले १२ शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात जातात. आतापर्यंत तीन घरं डोळ्यांपुढे आहेत. एक ऑफिसपासून चालत २० मिनिटांवर, लिफ्टचं, पण भाडं ४६. दुसरं शहराच्या पार टोकाला, भाडं २७ आणि प्रवासाचा पास ९. नकाशा म्हणतो दोनदा गाडी बदलून ८५ मिनिटं. तिसरं म्हणजे दोघी मुली राहतात त्या फ्लॅटमधली एक खोली. भाडं २२, प्रवास अर्धा तास, त्याचे ४. तिथे आईला नेता येणार नाही हे उघड आहे.

आणि चौथं. परवाच एका साइटवर दिसलं. ऑफिसपासून दहा मिनिटं, दोन खोल्या, भाडं फक्त २४! मालक परदेशात असतात. चावी कुरियरने पाठवतो म्हणतात, पण अजून सहाजण रांगेत असल्याने आज रात्रीपर्यंत एका महिन्याचं भाडं टोकन म्हणून पाठवा असा आग्रह आहे. बोलणं अतिशय सभ्य. आई म्हणते देवच पावला. मला मात्र धाकधूक वाटतेय.

काय करू? ४६ म्हणजे फारच होतात का? आणि न बघता घर घेतं का कुणी?

जुना_भाडेकरू:
बाकीचं नंतर बोलू. आधी चौथ्या घराचे पैसे पाठवू नका. पाठवले नाहीत ना अजून?

घर दाखवता येत नाही, मालक लांब, भाडं आजूबाजूच्या निम्मं आणि पैसे आजच्या आज. यातली एखादी गोष्ट योगायोगाने असू शकते. चारही एकत्र आल्या की ती जाहिरात नसते, गळ असतो. जाहिरातीतले फोटो उतरवून घ्या आणि इंटरनेटवर चित्रावरून शोध घेऊन बघा. शिवाय त्या गृहस्थांना सांगा, व्हिडिओ कॉल करून कुणाकडून तरी आत्ता दार उघडून दाखवा. काय उत्तर येतं ते इथे लिहा.

टिकोजी:
'सहाजण रांगेत आहेत' हे वाक्य या सगळ्या भामट्यांना एकाच शाळेत शिकवतात की काय कोण जाणे. मलाही सहाच सांगितले होते. पाच नाहीत, सात नाहीत.

पाऊलवाट:
नाही पाठवले, देवाशपथ. चित्रावरून शोधलं तर तेच फोटो भलत्याच शहरातल्या जाहिरातीत सापडले, भाडं वेगळं, मालकाचं नावही वेगळं. मग फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. ओट्याच्या वर भिंतीत जो सॉकेट आहे, तसल्या भोकांचा सॉकेट आपल्या देशात वापरतच नाहीत! दोन दिवस तो फोटो सारखा बघत होते, तिथे आईसाठी खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवून झालं होतं. व्हिडिओ कॉलचं विचारल्यावर ते सभ्य गृहस्थ एकदम असभ्य झाले आणि नंतर गायबच. आईला अजून सांगितलेलं नाही.

अबोली:
वाचलीस गं. आता खऱ्या घरांकडे वळू या.

माझं मत ऐकशील तर १९ दिवसांत कायमचं घर शोधूच नकोस. जे शहर तू एकदाच, तेही टॅक्सीच्या खिडकीतून पाहिलंस, तिथे वर्षभराचा करार काय म्हणून करायचा? एक-दोन महिन्यांसाठी कुठेतरी टेक आणि तिथे राहून शोध.

दुसरं कारण रोख पैशांचं, आणि ते कुणी सांगत नाही. पहिल्या घराचं बघ. दोन महिन्यांची अनामत, पहिलं आगाऊ भाडं आणि एजंट असेल तर त्याचं एक भाडं, म्हणजे ४६ गुणिले ४, १८४ झाले. जवळजवळ दोन पगार, आणि तेही पहिला पगार हातात पडायच्या आधी. पगार कधी होणार हेही विचारून घे. महिन्याच्या मधल्या तारखेनंतर रुजू झालं तर काही कंपन्यांत पहिला पगार थेट पुढच्या महिन्यात जमा होतो. मला हे कळलं तेव्हा खात्यात बसच्या तिकिटापुरते पैसे होते आणि घरात नवीकोरी गादी. गादी थांबू शकली असती.

आकडेमोड:
'४६ फार होतात का' या प्रश्नासाठी थोडा इतिहास. भाड्यावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त खर्च नको, हा नियम सगळीकडे सांगतात. त्याची एक मोठी मुळी अमेरिकेतल्या सरकारी घरांत आहे. १९६९ च्या ब्रूक दुरुस्तीने, म्हणजे कायद्यातल्या बदलाने, तिथल्या भाडेकरूंचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर रोखलं आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के झाली. म्हणजे तो आकडा सरकारने स्वतःच्या भाडेकरूंसाठी घातलेली मर्यादा होती. तुमच्या हप्त्याचा, तुमच्या प्रवासाचा त्यात विचार नाही.

त्यापेक्षा शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेचा हिशेब मला पटतो. ते घर आणि प्रवास एकत्र धरतात आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत परवडणारं मानतात. या मापाने तुमचं पहिलं घर ४६, म्हणजे कडेवर. दुसरं ३६, तिसरं २६.

आता वेळ धरा. दुसऱ्या घरातून रोज १७० मिनिटं, पहिल्यातून ४०. फरक १३० मिनिटांचा. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर जवळजवळ ४८ तास, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. २२ पैकी सहा दिवसांचा पगार होतो २७. पैशात वाचतात १० आणि त्यासाठी २७ किमतीचा वेळ जातो.

ब्रुनो फ्राय आणि आलोइस श्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून २००८ मध्ये हेच मांडलं होतं. लांबच्या प्रवासाचा त्रास स्वस्त घराने किंवा चांगल्या पगाराने भरून निघायला हवा, पण तो भरून निघताना दिसत नाही. लांबून येणारे लोक एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळले.

टिकोजी:
आकडेमोडराव, गणित बिनचूक आहे. फक्त महिनाअखेरीला दुकानदार ते ४८ तास घेत नाही हो. त्याला रोख लागते. ४६ भाडं आणि १२ हप्ता गेल्यावर ४२ उरतात. त्यात खाणंपिणं, वीज, आईला पाठवायचे पैसे आणि एखादं आजारपण. वाचलेल्या वेळात ओव्हरटाइम मिळणार असेल तर बोला.

आकडेमोड:
मान्य. वेळ वाचला म्हणजे पैसा आला असं नाही. पण वेळ गेला तरी ताईंना आत्ता ते जाणवणार नाही, तिसऱ्या महिन्यात जाणवेल, एवढंच म्हणायचं होतं.

शेवटची_गाडी:
सात वर्षं शहराच्या टोकाला राहिलो, म्हणून माझेही दोन शब्द. मिनिटं मोजता तशी गाड्यांची अदलाबदल मोजा. एकाच गाडीत बसून ७० मिनिटं जात असतील तर माणूस झोपतो, वाचतो, भाजी निवडणारेही पाहिलेत. ८५ मिनिटांत दोनदा चढउतार असेल तर ती ८५ मिनिटं उभ्यानेच जातात. पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली की दुसरी चुकते, आणि मग ८५ चे ११० होतात. गाडी सुरू होते त्या थांब्याजवळ घर मिळालं तर सोनं, बसायला जागा मिळते.

रात्रीची शेवटची गाडी कितीची ते बघा. ऑफिसात एखाद्या दिवशी उशीर झाला की स्वस्त घराचं सगळं बचतखातं टॅक्सीवाल्याकडे जातं. आणि नकाशाला रविवारी दुपारी विचारू नका, सोमवारी सकाळी विचारा. खरं म्हणजे एकदा स्वतः ऑफिसच्या वेळी जाऊन बघा.

खटपट्या:
घर बघायला संध्याकाळी जा. दुपारी कुठलंही घर शांत असतं.

नळ नुसता उघडून बघू नका. स्वयंपाकघरातला चालू ठेवा, मग न्हाणीघरातला उघडा, मग फ्लश ओढा. तिन्ही मिळून धार करंगळीएवढी झाली की समजायचं. सगळ्यात आतल्या खोलीत जाऊन फोन लावून बघा. कपाट भिंतीला चिकटून असेल तर सरकवायला सांगा. माझ्या मागच्या घरात एकच भिंत ताज्या रंगाची होती, बाकी तीन पिवळट पडलेल्या. मी म्हटलं वा, मालकाने रंग दिलाय. पावसाच्या दुसऱ्या आठवड्यात त्या रंगाला फोड आले, बोट लावलं की पापुद्रा हातात. मागे ओल होती. आईचे गुडघे दुखतात म्हणताय, तर ओलीची भिंत अजिबात नको.

आधीच्या भाडेकरूला गाठून का सोडताय एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो बोलेल. गेल्या दोनतीन महिन्यांची विजेची बिलंही मागा. आणि चावी मिळेल त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून अख्ख्या घराचा व्हिडिओ करा, फुटक्या फरशीसकट, आणि तो मालकालाच पाठवून ठेवा. घर सोडताना अनामत परत मिळवायला तोच व्हिडिओ कामी येतो.

शाईचा_डाग:
मी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगते. लोक घरासाठी धावाधाव करतात आणि आम्हाला विचारतच नाहीत. स्थलांतराचा खर्च मिळतो का, पहिल्या पगारातून काही आगाऊ मिळेल का, पहिले दोन आठवडे कुठे सोय होते का, हे विचारण्यात लाज कसली? पगार वाढवून देणं आमच्या हातात बरेचदा नसतं, पण एकदाच द्यायची रक्कम मंजूर करून घेणं त्या मानाने सोपं असतं. फोनवर न विचारता मेलवर विचारा.

अजून एक. तुमचा प्रोबेशनचा काळ किती? सहा महिने असेल आणि घराच्या करारात बारा महिन्यांचा लॉक-इन (म्हणजे तेवढा काळ घर सोडता येत नाही) असेल, तर नोकरी गेली तरी घर चालूच. लॉक-इन प्रोबेशनपेक्षा लांब नको. नोटीसही दोन्ही बाजूंना सारखी हवी. तुम्हाला दोन महिने आणि मालकाला पंधरा दिवस असलं काही सही करू नका.

आणि नव्या सहकाऱ्यांना विचारा. मोकळी होणारी बरीच घरं जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत.

पाऊलवाट:
इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ठरवलंय: दोन महिन्यांसाठी ती २२ ची खोली, लॉक-इन नाही, व्हिडिओ कॉलवर दोघी मुलींनी दार उघडून दाखवली (आणि सॉकेटही). मनुष्यबळवाल्यांना मेल टाकला. सामान हलवायचा खर्च ते देणार आहेत, पावत्या ठेवायला सांगितल्यात. विचारलं नसतं तर कळलंही नसतं. बाकी तिकडे गेल्यावर कळवते.

पाऊलवाट:
धागा वर आणतेय, सात आठवड्यांनी. घर मिळालं! यादीतलं एकही नाही. ऑफिसातल्या एका ताईंच्या शेजारचं तळमजल्यावरचं, भाडं ३१, पास ५, एकच गाडी आणि ४० मिनिटं. गाडी तिथून सुरू होत नाही, पण दुसराच थांबा आहे, त्यामुळे जागा मिळते. एका मंगळवारी सकाळी जाऊन पाहिलं, मग शुक्रवारी रात्री. तिन्ही नळ एकदम सोडले तेव्हा मालकीणबाई माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होत्या. कपाटही सरकवलं. मागे कोरडं होतं, फक्त एक जुना कंगवा सापडला.

लॉक-इन सहा महिने, म्हणजे माझ्या प्रोबेशनइतकाच. सही परवा आहे. एकच कलम खटकतंय: 'घर सोडताना संपूर्ण घराचा रंग भाडेकरूने स्वखर्चाने करून द्यावा.' हे असंच असतं का?

जुना_भाडेकरू:
असतं बऱ्याच करारांत, पण मान्य केलंच पाहिजे असं नाही. राहून राहून जो रंग उतरतो ती नेहमीची झीज, ती मालकाची. तुम्ही खिळे ठोकून भोकं पाडलीत, काही फोडलंत, तर ती दुरुस्ती तुमची. तेवढंच लिहून द्यायला सांगा. तोंडी 'बघू हो तेव्हा' यावर राहू नका, कागदावर खोडून दोघांनी बाजूला सही करा.

पाऊलवाट:
खोडलं! दोघींच्या सह्या झाल्या. बदल्यात त्यांच्या अंगणातल्या कुंड्यांना रोज पाणी घालायचं कबूल केलंय, ते मात्र तोंडीच. आईला फोन करून सगळं सांगितलं, चौथ्या घराचंसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "कुंड्या किती आहेत?"